चौथ्या आलेल्या घोड्यासाठी रडणं

प्रश्न असा आला आहे: "सर, मी मूळचा लातूरचा, कझाकस्तानात, अल्माटीत मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रूममेट कझाक, तुर्किस्तान भागातल्या खेड्यातला. दिवसभर हातात फोन, रात्री युरोपातलं फुटबॉल. गेल्या महिन्यात गावाकडच्या बायगेत, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, त्याच्या काकाचा घोडा चौथा आला आणि हा व्हिडिओ कॉलवर ढसाढसा रडला. चौथ्या नंबरसाठी! आजच्या पोरांना या जुन्या खेळांचं एवढं काय आहे? सरकारचा संस्कृती-प्रचार म्हणावा, की हे खरंच आतून येतं?"

मी घोड्यांचा डॉक्टर. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दात बघून वय सांगण्यापासून सुरुवात केली आणि पुढे चार वर्षं अल्माटीच्या पूर्वेला, तालगारच्या बाजूला एका पागेवर काम केलं. त्यामुळे माझं उत्तर घोड्याच्या बाजूने येणार, हे आधीच सांगून ठेवतो. संस्कृतीवर बोलणारे पुष्कळ आहेत.

आधी तो चौथा नंबर. पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरची शर्यत डोळ्यांसमोर असेल तर ती पुसून टाका. तिथे दोन-अडीच मिनिटांत खेळ संपतो. अलामान बायगे म्हणजे 25 किलोमीटर आणि त्याच्याही पुढे. जुन्या काळी शंभरापर्यंत जात. वर बसलेला बहुतेक वेळा हलका, कोवळा पोरगा असतो. एवढं अंतर नुसत्या वेगाने कापता येत नाही. घोड्याचा दम, खूर, पोट, डोकं, सगळं जागेवर लागतं. अशा शर्यतीत चौथा आलेला घोडा थांबल्यावर दहा मिनिटांत नाडी खाली आणत असेल आणि पाण्याकडे मान वळवत असेल, तर माझ्यासारखा माणूस त्याच्याकडे बघत राहतो. पहिला आलेला कधीकधी थरथरत उभा असतो.

आणि तो घोडा काकाने नुसता पाळलेला नसतो, 'घडवलेला' असतो. शर्यतीचा घोडा तयार करणाऱ्याला कझाक अतबेगी म्हणतात किंवा सेईस. हा दुसरा शब्द ऐकला तेव्हा मी चमकलो. आपला सईस! अरबी-फारसीच्या वाटेने निघालेला शब्द एकीकडे मराठी पागेत आला, दुसरीकडे स्टेपच्या गवतात पोचला. फरक एवढाच, की आपल्याकडे सईस म्हणजे खरारा करणारा आणि चंदी घालणारा नोकर. तिकडे सेईस म्हणजे ज्याच्या घरी लोक सल्ला विचारायला जातात तो माणूस.

त्याचं काम काय? गवतावर सुटलेला, चरबीने गोल झालेला घोडा घ्यायचा आणि ताकद न घालवता चरबी उतरवायची. रोज थोडं अंतर वाढवत पळवायचं, मग झुली घालून घाम काढायचा. शर्यतीआधी काही वेळा लगाम खोगिराला आखडून बांधतात, म्हणजे मान खाली जात नाही आणि घोडा भरल्या पोटाने हावरटासारखा चरत नाही. याला कंतारू म्हणतात. आणि घाम बघतात. पहिला घाम दाट, फेसाळ, चिकट येतो. दिवस जातील तसा तो पातळ होत पाण्यासारखा स्वच्छ होतो. आमच्या पागेवरचा म्हातारा सेईस घोड्याच्या मानेवरून बोट फिरवायचा, चिमटीत घाम चोळायचा आणि म्हणायचा, "अजून आठ दिवस." मी रक्ताचे नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवायचो. रिपोर्ट आला की तो हसून विचारायचा, "काय म्हणतंय तुझं यंत्र?" यंत्र बहुतेक वेळा आठ दिवसच म्हणायचं.

म्हणजे तुमच्या मित्राच्या घरात कित्येक आठवडे हेच चाललं असणार. काका रात्री उठून घोड्याकडे जातो, काकू कुरकुरते, चुलतभाऊ वजन वाढू नये म्हणून कमी जेवतो. हा इकडे वसतिगृहात शरीररचनेचं पुस्तक उघडून बसलेला. मग शर्यतीच्या दिवशी लाउडस्पीकरवरून घोषणा होते: घोडा कुठल्या गावचा, कुणाचा, कुणी घडवलेला, कुणाचा मुलगा वर बसलाय. एका दमात चार-पाच नावं. कॉलवर त्याने ऐकलं ते बहुधा हे. अल्माटीत तो एक रोल नंबर असतो. त्या घोषणेत तो एका घोड्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांपैकी एक होता, आणि तिथे हजर मात्र नव्हता.

हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. या खेळांची ओढ जिंकण्याशी फार बांधलेली नाही. 'तू कुणाचा?' या प्रश्नाशी आहे. कझाक माणसाला झेती अता, म्हणजे सात पिढ्यांच्या बापजाद्यांची नावं पाठ असावी लागतात. लग्न जुळवताना ती लागतात, कारण सात पिढ्यांच्या आत सोयरीक चालत नाही. आपल्या गोत्र-कुळीसारखंच. शहरातल्या फ्लॅटमध्ये ती नावं म्हणजे लहानपणी आजोबांनी घोकून घेतलेला धडा. मैदानावर त्याच नावांना घोडा असतो, धूळ असते, ओरडणारी माणसं असतात.

आता या खेळांमधला दुःखाचा धागा सांगतो, कारण रडण्याचं निम्मं उत्तर तिथे आहे. आपण बाहेरून बघतो तेव्हा हे सगळं जत्रेतलं वाटतं. पण मोठ्या बायगे आणि कुस्त्या पूर्वी भरायच्या त्या लग्नसमारंभात भरायच्या तशाच 'अस'मध्येही. अस म्हणजे मोठा माणूस गेल्यावर वर्षाने घातलेलं जेवण. आपल्या वर्षश्राद्धासारखं, पण शेकडो तंबूंचं. मेलेल्या माणसाच्या बसायच्या घोड्याची शेपटी आणि आयाळ कापून त्याला मोकळा सोडत. वर्षभर त्याच्यावर कुणी मांड टाकायची नाही. कळपात तो कातरलेल्या आयाळीने फिरायचा आणि बघणाऱ्याला कळायचं की या घरचा धनी गेला. वर्ष भरलं की असमध्ये त्याला कापत. त्याच दिवशी, त्याच माळावर शर्यत लागायची. सुतक संपायचं ते टापांच्या आवाजात.

एकोणिसाव्या शतकातल्या अशाच एका असमध्ये अकान सेरी या कवी-गायकाचा कुलागेर नावाचा घोडा बायगेत सगळ्यांच्या पुढे येत असताना वाटेत कुऱ्हाड घालून मारला गेला. हेवा, दुसरं काही नाही. अकान सेरीने घोड्यासाठी विलाप गायला आणि तो आजही गायला जातो. आमच्या पागेवर ट्रॅक्टर चालवणारा एक जण होता, अत्यंत रूक्ष माणूस. पगाराव्यतिरिक्त कुठल्या विषयावर बोलायचा नाही. कुलागेरची गोष्ट निघाली की तो उठून बाहेर जायचा. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या घोड्यासाठी! मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर कळलं की त्या घोड्यात बरंच काही साठवलेलं आहे.

काय साठवलंय, तर 1930 ते 33 ची वर्षं. सोव्हिएत राजवटीने भटक्या पशुपालकांना बळजबरीने एका जागी बसवलं, जनावरं सामूहिक शेतीसाठी आणि मांसासाठी काढून घेतली. दहातली नऊ जनावरं गेली. जनावरांवर जगणाऱ्या लोकांची जनावरं गेली की काय होणार? पंधरा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्यांतले बहुसंख्य कझाक. एकूण कझाकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त. लाखो सीमा ओलांडून चीन, मंगोलिया, उझबेकिस्तानकडे पळाले. 1959 च्या जनगणनेत आपल्याच भूमीत कझाक तीस टक्के उरले होते. नौरोझचा, म्हणजे नव्या वर्षाचा सण 1926 मध्ये बंद पाडला गेला, तो 1988 मध्ये परत आला.

आता तुमच्या रूममेटचा विचार करा. विशीतल्या या मुलाला आठवायला काहीच नाही. त्याने दुष्काळ पाहिला नाही, स्थलांतर केलं नाही, कदाचित घोडाही धड पळवला नसेल. म्हणून 'गतकाळाची हुरहुर' हे लोकांचं आवडतं स्पष्टीकरण मला पटत नाही. हुरहुर लागायला आधी ती गोष्ट आपली असावी लागते. इथे उलटं आहे. जे त्याच्या पणजोबांकडून हिसकावलं गेलं, ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळतंय. माळावर दोनशे घोडे दिसले की शहरी पोरगासुद्धा आधी त्यांच्याकडे मोजल्यासारखं बघतो. हे मी स्वतः पाहिलंय. ते शर्यतीचं बघणं नाही, त्यात कोण जिंकेल हा विचार नसतो.

कोकपारकडे वळतो, कारण तुम्ही दक्षिणेकडच्या मुलाबरोबर राहता आणि तुर्किस्तान, शिमकेंत, झाम्बिल हा कोकपारचा बालेकिल्ला. खेळ ऐकायला भयंकर आहे: मुंडकं छाटलेल्या बोकडाचं धड, तीसेक किलोचं, घोड्यावरून खाली वाकून उचलायचं, बाकीच्यांच्या हातून वाचवायचं आणि कझांदिक नावाच्या गोल जागेत नेऊन टाकायचं. औपचारिक स्पर्धांत आता खऱ्या धडाऐवजी तेवढ्याच वजनाची नक्कलही वापरतात. अशा स्पर्धांत दोन संघ असतात. गावाकडच्या मोकळ्या खेळात मात्र शंभर-दोनशे घोडेस्वार एकाच वेळी तुटून पडतात, प्रत्येक जण स्वतःसाठी. डोक्यावर बऱ्याच जणांच्या जुनी सोव्हिएत रणगाड्यातल्या सैनिकांची कापसाची टोपी. कारखान्यात बनलेलं इतकं चपखल कोकपार-शिरस्त्राण दुसरं नाही.

घोळक्याला दोदा म्हणतात. थंडीत दोदातून वाफ येते. आत काय चाललंय काही दिसत नाही, नुसते घोड्यांचे पुठ्ठे आणि चाबकांच्या मुठी. मग एक घोडा छातीने रेटत बाहेर पडतो आणि स्वाराच्या मांडीखाली धड दाबलेलं असतं. गुडघ्यामागच्या त्या पकडीला कझाकांत खास शब्द आहे, तकीम. आपल्याकडे 'मांड पक्की' म्हणतो ना, त्याच्या जवळचा. तकीम चांगली असलेल्या माणसाचं नाव चार गावांत माहीत असतं.

डॉक्टर म्हणून मी बघतो तो घोडा. कोकपारचा चांगला घोडा दोदात शिरताना कान मागे टाकत नाही. स्वार एका रिकिबीत लटकून जमिनीला हात लावत असतो तेव्हा घोडा स्वतःहून त्या बाजूला वजन तोलतो. त्या क्षणी लगाम जवळजवळ निरुपयोगी असतो. दोन शरीरांनी मिळून घेतलेला तो निर्णय आहे, आणि दिवसभर काचेवर अंगठा सरकवणाऱ्या पिढीला त्याची भूक लागलेली असते. एका बँकेत काम करणारा तरुण शनिवारी आमच्याकडे यायचा. आठवडाभर त्याला कुणी न कुणी कामं सांगायचं. "इथे मला कुणी सांगत नाही," तो म्हणाला, "घोडा विचारतो." वाक्य जरा नाटकी होतं. पण मी त्याला खोगिरावर पाहिलंय, तो खोटं बोलत नव्हता.

मोकळ्या कोकपारमधली एक जुनी रीत फार थोड्यांना माहीत असते. जिंकणारा ते धड नेऊन कुणाच्या तरी दारात टाकतो. ज्याच्या दारात पडलं ते घर भाग्याचं. घरचे बक्षीस देतात, दस्तरखान मांडतात. मूल होत नसलेल्या घरापुढे, आजारी म्हाताऱ्याच्या दारापुढे मुद्दाम टाकल्याचंही मी ऐकलंय. विजय स्वतःच्या कपाटात ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवायचा. आता बक्षिसाला मोटारगाडी असते आणि गाडी कुणी दुसऱ्याच्या दारात सोडून येत नाही. हा बदल मला आवडत नाही, सरळ सांगतो. मोठी बक्षिसं आल्यापासून घोड्यांवर बोली लागते, अर्धवट बरा झालेला पाय घेऊन घोडा पुन्हा उतरवला जातो, आणि सोमवारी सकाळी टाके घालायला माझ्यासारख्याला बोलावतात. बायगेतल्या लहान मुलांच्या पडण्याचंही तसंच. हेल्मेट सक्तीचं करा म्हटलं की "आमच्या आजोबांनी कुठे घातलं होतं" हे उत्तर तयार असतं. आजोबांच्या काळी मेलेल्या मुलांची मोजदाद कुणी ठेवली नव्हती, एवढंच.

कुस्तीबद्दल तुम्हाला फार सांगायला नको, लातूरकडचे आहात. त्यांच्या पैलवानाला ते बलुआन म्हणतात, शब्द एकाच घरचा. कझाक कुरेसी उभ्याने खेळतात, अंगात जाड कोट, कमरेला पट्टा, कमरेखाली धरायचं नाही. पाठ जमिनीला टेकली की कुस्ती निकाली. चितपट! 2011 पासून टीव्हीवर 'बारिस' किताबाची लढत होते. बारिस म्हणजे हिमबिबट्या. वेगवेगळ्या प्रांतांचे मल्ल उतरतात आणि घराघरांत आपापल्या प्रांतासाठी आरडाओरडा होतो. महाराष्ट्र केसरीच्या रात्री आपल्या तालमीत जे वातावरण असतं तेच, फक्त चहाऐवजी कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध.

पण घोडा परवडत नाही आणि कुस्ती जमत नाही अशा शहरी पोरांसाठी खरा खेळ असिकचा आहे. मेंढीच्या घोट्याचं हाड, गोटीएवढं. रांगेत मांडायची आणि साका नावाच्या जड हाडाने नेम धरून उडवायची. हाड चार बाजूंनी पडू शकतं आणि प्रत्येक बाजूला नाव आहे. आल्शी ही भाग्याची बाजू. म्हणून आशीर्वाद देताना म्हातारे म्हणतात, तुझं असिक आल्शीवर पडो. मुलींचा बेस तास म्हणजे पाच खडे वर उडवून झेलायचे. आजीला विचारा, आपल्या सागरगोट्यांपेक्षा वेगळं काही निघणार नाही. युनेस्कोच्या यादीत कुरेसी 2016 ला आणि असिक 2017 ला आले. पण माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. अल्माटीत माझा घरमालक संगणक अभियंता होता. त्याच्या कोटाच्या खिशात वडिलांचा साका होता, लाल रंगवलेला, एका बाजूला शिसं ओतलेला. मीटिंगमध्ये तो खिशात हात घालून हाड फिरवत बसायचा. खेळायचा कधीच नाही.

क्यझ कूबद्दल तुमचा रूममेट कदाचित लाजत बोलेल. घोड्यावरून मुलगा मुलीचा पाठलाग करतो, गाठलं तर मुका. नाही गाठलं तर परतीच्या वाटेवर मुलगी त्याला चाबकाने बडवते. पर्यटकांपुढे होणारा प्रयोग मला गोडगुलाबी आणि खोटा वाटतो. पण तालमीच्या वेळी मुलींना पाहिलंय. मुक्याच्या भागाला त्या तोंड वाकडं करतात आणि परतीच्या दौडीची वाट बघतात. चाबूक खरा लागतो. पाळलेल्या गरुडाकरवी करायच्या शिकारीचंही असंच. ही कला मंगोलियातल्या बायान-उल्गीच्या कझाकांनी जास्त जपली, आणि 2014 मध्ये तिथल्या गरुड महोत्सवात आयशोल्पान ही तेरा वर्षांची मुलगी पुरुषांना मागे टाकून जिंकली तेव्हा म्हाताऱ्या शिकाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले असणार. मुलींना या खेळांत 'परंपरा' नको असते, परंपरेतली ती जागा हवी असते जिथे त्यांच्या हातात चाबूक किंवा गरुड असतो.

राहिला सरकारचा प्रश्न. हो, सरकार आहेच. 2024 च्या सप्टेंबरात अस्तानात जागतिक भटक्यांचे क्रीडासामने झाले. नव्या देशाला ओळख हवी असते आणि तिच्यासाठी घोड्याइतकी देखणी गोष्ट सापडणार नाही. पण सरकार स्टेडियम बांधू शकतं, झेंडे लावू शकतं. तुर्किस्तानच्या आडगावात थंडीत काकाने रात्री उठून घोड्याचा घाम चोळून बघितला, ते कुठल्या खात्याच्या परिपत्रकाने घडत नाही. उलट मोठ्या दिखाऊ सोहळ्यांत मला लोक शांत बसलेले दिसले. गावाकडच्या बायगेत, जिथे बसायला फळकुटंसुद्धा नव्हती, तिथे माणसं हमसून रडताना पाहिली.

इथे एक आपली गोष्ट, कंसात घातल्यासारखी. 'भीमथडीची तट्टं यमुनेचं पाणी प्याली' असं आपण छाती फुगवून म्हणतो, आणि त्या तट्टाची जात दिसते कशी हे पुण्यातल्या शंभर माणसांना विचारलं तर किती जण सांगतील? आपल्याला घोडा पुतळ्यात भेटतो. म्हणून तुम्हाला रूममेटचं रडणं चमत्कारिक वाटलं, यात तुमची चूक नाही.

पुढच्या वेळी तो गावी निघाला की बरोबर जा. मैदानावर घोळक्याच्या मागच्या बाजूला उभे राहू नका. दोदा फुटला की घोडे कुठे वळतील ते त्यांनाही माहीत नसतं. पहिला अर्धा तास फोन खिशात ठेवा. काकाला घोड्याची किंमत विचारू नका, आपल्याकडे ते चालतं, तिकडे पहिल्या भेटीत बरं दिसत नाही. घोड्याचं नाव विचारा, मग त्याच्या आईचं. कुमिस पहिल्यांदा थोडाच प्या, लातूरच्या पोटाला तो अवघड जातो. आणि जाण्याआधी स्वतःच्या आजोबा-पणजोबांची नावं आईला फोन करून विचारून घ्या. जेवायला बसल्यावर काका नक्की विचारणार, आणि तीन नावांवर अडकलात तर तो काही बोलणार नाही, फक्त तुमच्या ताटात मांसाचा आणखी एक तुकडा टाकेल.